मार्गतक्त्याचे वाचन

संगणकांच्या जाळ्यातील संदेश इच्छित स्थळी पोहोचेनासे झाले, म्हणजे प्रथम तारा तपासल्या जातात. तारा शाबूत असूनही दोष कायम राहिला, तर स्विचमधील मार्गतक्ता पाहणे आवश्यक ठरते. कोणत्या पत्त्यासाठी आलेला संदेश कोणत्या दिशेने धाडावयाचा, हे या तक्त्यात नोंदलेले असते. सिस्कोच्या, मार्ग निवडू शकणाऱ्या स्विचला ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा दिली की तो तक्ता पडद्यावर उमटतो.

प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक अक्षर असते. ‘सी’ म्हणजे थेट जोडलेले जाळे, ‘एस’ म्हणजे हाताने लिहिलेला मार्ग, तर ‘ओ’ आणि ‘बी’ म्हणजे शेजारच्या यंत्रांकडून कळलेला मार्ग. त्यापुढे पत्त्यांचा गट, तिरकी रेघ आणि एक संख्या असते. पत्त्याचे आरंभीचे किती द्विमान अंक जुळावयास हवेत, हे ती संख्या सांगते. संख्या मोठी, तर गट लहान.

एक योग्य नोंद दिसताच नवशिका निश्चिंत होतो. परंतु एकाच पत्त्याला अनेक नोंदी जुळत असतील, तर स्विच सर्वांत लहान गटाची नोंद निवडतो. टपाल निवडताना ‘४’ने सुरू होणाऱ्या पिनकोडांचा एक खण आणि ‘४११’चा दुसरा असेल, तर पुण्याचे पत्र दुसऱ्या खणातच पडावयाचे, तसाच हा नियम.

या नियमाचा प्रत्यय २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाला आला. यूट्यूबने आपले १,०२४ पत्ते ‘/२२’ या एका नोंदीने जाहीर केले होते. पाकिस्तानात ते संकेतस्थळ रोखण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यांपैकी २५६ पत्त्यांची ‘/२४’ ही नोंद केली. जागतिक प्रमाणवेळेनुसार १८:४७ वाजता ती देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीमार्फत सर्वत्र पसरली. यूट्यूबची मूळ नोंद तक्त्यांत अबाधित होती. तरीही संदेश पाकिस्तानकडे वळले. २०:०७ वाजता यूट्यूबने स्वतः ‘/२४’ जाहीर केले, तेव्हा दोन्ही नोंदी तुल्यबळ झाल्या. २०:१८ वाजता त्याहूनही लहान अशा ‘/२५’च्या नोंदी केल्यावर संदेश पुन्हा मूळ स्थळी येऊ लागले. २१:०१च्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने चुकीचा मार्ग मागे घेतला.

म्हणून संपूर्ण तक्ता चाळण्याऐवजी ‘शो आयपी रूट’पुढे गंतव्य पत्ता लिहावा, म्हणजे निवडलेली नोंदच समोर येते. पुढील यंत्र थेट ओळखीचे आहे की नाही, हे ‘शो आयपी एआरपी’ने पाहावे. संदेश वाटेत कोठवर जातो, हे ‘ट्रेसरूट’ने पाहावे. उत्तराचा परतीचा मार्ग निराळा असू शकतो. यास्तव हीच तपासणी दुसऱ्या टोकाकडूनही करावी. तक्त्यात योग्य नोंद आहे, एवढ्यावर समाधान न मानता संदेशाने कोणती नोंद वापरली, हे पाहणे हेच या वाचनाचे सार होय.