वाइनची द्राक्षे आणि हंगामाचे हवामान

युरोपातील द्राक्षवेल थंडीत पाने गाळून सुप्त होते, वसंतात फुटते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तिची तोडणी होते. नाशिक, दिंडोरी, निफाडच्या बागांत हे चक्र उलटे चालते. येथे वेल आपणहून विश्रांती घेत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी माल घेण्यासाठी. घड थंडीत पोसतात आणि ऊन तापू लागते तेव्हा, जानेवारीअखेर ते मार्चमध्ये, पिकतात. खाण्याच्या द्राक्षात आकार, रंग आणि गोडी साधली की माल विकला जातो. वाइनच्या द्राक्षात साखरेबरोबर आम्लही शिल्लक असावे लागते, आणि हा मेळ खतापेक्षा हवामानाच्या हाती अधिक असतो.

हंगामाचा पहिला निकाल मे-जूनमध्येच लागतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्यासाठी लख्ख ऊन आणि पाण्याचा हलका ताण लागतो. ढगाळ हवा आणि सततची ओल असली की वेल शेंड्याकडे धावते आणि डोळ्यात घडाऐवजी बाळीच धरते. २०२५ मध्ये मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला आणि मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. अशा वर्षी शेंडा वेळेवर मारणे, बगलफुटी काढून कॅनॉपी मोकळी ठेवणे आणि नत्र आखडते घेणे हाच उपाय. फळछाटणीपूर्वी काडी तपासून घ्यावी. घड कितव्या डोळ्यावर आहे हे कळल्याशिवाय कात्री लावू नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत खर्चाचा काळ. परतीचा पाऊस आणि कोवळी फूट एकत्र आली की डाऊनी आलाच. २० ते २५ अंश तापमान आणि रात्रभर ओले राहिलेले पान एवढे त्याला पुरते. सकाळी पान उन्हाकडे धरून पाहावे: वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. फुलोऱ्यात पाऊस सापडला तर कुज आणि गळ होते. दाट घडाच्या शेनिन ब्लांकमध्ये आत अडकलेली ओल पुढे सडीचे कारण ठरते, त्यामुळे या जातीत घडाभोवतीची पाने लवकर विरळ करावीत. पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढावीत. पश्चिमेची बाजू उघडी पडली तर फेब्रुवारीत मणी भाजतात. पाऊस टाळण्यासाठी छाटणी पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण पांढऱ्या जातींत तो महागात पडतो: पाऊस टळतो आणि पक्वता उन्हाच्या तोंडी जाते.

डिसेंबर-जानेवारीतील थंडी खाण्याच्या द्राक्षाच्या बागायतदाराला नकोशी वाटते. वाइनसाठी, बेताची असेल तोवर, ती उपकारकच आहे. वेलीची वाढ १० अंशांखाली जवळजवळ थांबते, म्हणून उष्णतेचा हिशेब दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करून मांडतात. कमाल ३०, किमान १० असेल तर सरासरी २०, म्हणजे त्या दिवसाची जमा १०. किमान ६ वर आले की तीच जमा ८ होते आणि तोडणी हळूहळू पुढे सरकते. मात्र थंड रात्री मण्यातील मॅलिक आम्ल कमी जळते आणि शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉंसारख्या काळ्या जातींत रंग चांगला भरतो. निफाड परिसरात पारा फारच घसरला तर पहाटे ठिबक चालवणे आणि शेकोट्या पेटवणे हे जुने उपाय आजही करतात. याच कोरड्या, गार हवेत भुरी वाढते. भुरीचा माल थोडा मिसळला तरी वाइनला कुबट वास येतो, म्हणून असे घड तोडणीपूर्वीच बाजूला काढावेत.

फेब्रुवारी चढला की चित्र पालटते. २०२३ चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. अशा वर्षी साखर झपाट्याने चढते, मॅलिक आम्ल तितक्याच वेगाने उतरते आणि पीएच वाढतो. वाइन मद्यार्काने जड, चवीला सपाट होते. सोव्हिन्यॉं ब्लांकचा ताजा, हिरवा गंध सर्वांत आधी उडतो. त्यामुळे पांढऱ्या जातींत ब्रिक्सच्या एका आकड्यासाठी थांबू नये. मण्यात पाणी उतरल्यानंतर दर चार-पाच दिवसांनी, आणि उष्णतेच्या लाटेत एक दिवसाआड, बागेच्या सर्व भागांतून, घडाच्या वरून, मधून आणि खालून मिळून शंभरेक मणी घ्यावेत. त्यांच्या रसाची साखर, आम्लता आणि पीएच एकत्र पाहावीत. काळ्या जातींत बी तपकिरी झाले का, हेही चावून पाहावे.

उन्हाला घाबरून शेवटच्या टप्प्यात पाणी एकदम वाढवले तर मणी फुगतात आणि रस पातळ होतो. पाणी थोडे-थोडे, पण नियमित द्यावे. या काळात पाऊस पडला तर मणी तडकतात. अंदाज पावसाचा असेल आणि माल जवळपास तयार असेल तर वाइनरीशी बोलून तोडणी अलीकडे घेणे बरे, कारण पावसानंतरची साखर पुन्हा चढायला दिवस लागतात आणि तेवढ्यात सड पसरते. गारपिटीने फुटलेले मणी असलेले घड वेगळ्या क्रेटमध्ये ठेवावेत.

तोडणी रात्री किंवा पहाटे करावी, ऊन चढण्याआधी माल वाइनरीत पोहोचावा. तापलेल्या मालात रस सुटतो आणि वाटेतच आंबणे सुरू होते. गंधकाची फवारणी तोडणीच्या बऱ्याच आधी थांबवावी. मण्यावर उरलेले गंधक किण्वनात हायड्रोजन सल्फाइड तयार करते आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो.