शूट अर्ध्या दिवसाचं, हिशोब वर्षाचा

रविवारी पहाटे खडकवासला धरणाच्या काठावर चक्कर मारा. कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्या लागायच्या आधीच प्री-वेडिंगवाले पोचलेले असतात. समोर पाणी, लांब सिंहगड, कोवळं ऊन. ग्राहकाला दिसतात ते हे तीन-चार तास. म्हणून तो म्हणतो, "अर्ध्या दिवसाचं तर काम आहे, पाच हजारांत करा ना!" आणि आपण "चालेल" म्हणून मोकळे होतो.

हे "चालेल" कितीला पडतं, ते वहीवर मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

१. कॅमेरा, लेन्स, लाइट मिळून 2,40,000 रुपये. चार वर्षं चालतील असं धरलं, तर वर्षाला 60,000.
२. जागा, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, दुरुस्ती: महिना 8,000, म्हणजे वर्षाला 96,000.
३. तुमचा स्वतःचा पगार: महिना 30,000, वर्षाला 3,60,000. हा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत.

एकूण 5,16,000. आता वर्षात कामं किती? चातुर्मासात लग्नं थांबतात, पावसात बाहेरचं शूट रद्द होतं. शिवाय एका शूटमागे एडिटिंगचे दोन दिवस जातात. म्हणून 60 कामं धरू. एका कामावर 8,600 रुपये बसले. त्यात मदतनीस, पेट्रोल, चहा-नाश्ता यांचे 2,000 मिळवा: 10,600. पडत्या काळासाठी आणि वाढीसाठी 15 टक्के धरले की दर होतो साधारण 12,200.

आता पाच हजारांचं गणित बघा. वरखर्च जाऊन 3,000 उरतात. 60 कामांचे 1,80,000. त्यातून पहिले दोन खर्च, 1,56,000, वजा करा. हातात 24,000. वर्षाचे! म्हणजे महिन्याला दोन हजार. कामं भरपूर, पण घर चालत नाही, ते यामुळेच.

ग्राहकाचं बजेट खरंच कमी असेल तर त्याला नावं ठेवू नका. दर पाडू नका, काम कमी करा. 40 एडिटेड फोटोंऐवजी 20, दोन ड्रेसऐवजी एक, व्हिडिओ नाही. मात्र 60 कामांचा हिशोब टिकवायचा, तर वाचलेल्या दिवसांत दुसरं काम मिळायला हवं, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याच्या, 1957 च्या, कलम 17 नुसार, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक ठरतो. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: फोटो किती, बदल किती वेळा, आगाऊ रक्कम किती, तुमच्या पेजवर फोटो टाकायची परवानगी आहे का. एखाद्या रिसॉर्टला जाहिरातीसाठी फोटो हवे असतील, तर वापर कुठे आणि किती काळ, तेही लिहा आणि त्याचा दर वेगळा लावा.

आजचा गृहपाठ: तुमची वर्षाची बेरीज करा, कामांच्या संख्येने भागा. पुढच्या फोनवर "किती घेता?" विचारलं, की आकडा सांगा आणि गप्प बसा. लगेच "कमी करू" म्हणू नका. हिशोब पक्का असला की आवाज आपोआप पक्का निघतो.