कारखान्यातील कचरा आणि आग

आगीचे कारण विचारले की आपले व्यापारी बांधव 'शॉर्टसर्किट' म्हणून मोकळे होतात. ठिणगी विजेची असेलही, परंतु ती पसरली कशावर? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

यंत्रमागाचेच उदाहरण घेऊ. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखान्यांत कापसाचे बारीक तंतू सतत उडतात आणि तुळयांवर, वायरींवर, मोटारीवर बसतात. तंतूंनी झाकलेली मोटार नीट थंड होत नाही. ठिणगी पडली तर हाच थर आग एका मागावरून दुसऱ्या मागावर नेतो. पुष्कळ ठिकाणी फक्त जमीन झाडली जाते. वास्तविक सफाई छतापासून सुरू करून खाली यावे, तेही माग बंद ठेवून. नुसता ब्लोअर मारल्याने धूळ एका जागेवरून उठून दुसरीकडे बसते, इतकेच.

फर्निचरवाल्यांचा धोका निराळा आहे. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते व उष्णता निर्माण होते. तेलाची चिंधी मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. पण चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठते आणि काही तासांनी, ठिणगीशिवायच, तो पेट घेऊ शकतो. तोपर्यंत आपण दुकान बंद करून घरी गेलेलो असतो! अशा चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

वाटा मोकळ्या ठेवणे हीही सफाईच. मुंबईत खैरानी रोडवरील फरसाणच्या गाळ्याला १८ डिसेंबर २०१७ रोजी आग लागून १२ कामगार दगावले. सोलापुरात १८ मे २०२५ रोजी टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. दोन्ही आगी पहाटेच्या. जेथे कारागीर माळ्यावर झोपतात, तेथे जिन्यात मालाच्या गाठी रचणाऱ्या मालकाला आम्ही काय म्हणावे? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनेही जमीन, जिने व वाटा यांवरचा कचरा रोज काढण्यास सांगितले होते.

आता खरी अडचण. पीसवर काम करणारा कारागीर सफाईसाठी हात थांबवत नाही, कारण तेवढी त्याची मजुरी बुडते. तेव्हा सुटीआधीची पंधरा मिनिटे मालकाने पगारी धरावीत आणि मेन स्विच बंद करण्याचे काम रोज एकाच माणसाकडे सोपवावे.