बालकांचा औषधरोधी अपस्मार व आहारोपचार

दोन सुयोग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके आटोक्यात येत नसतील, तर तो औषधरोधी अपस्मार होय. अशा बालकांसाठी कीटोजेनिक आहार उपयुक्त ठरतो. १९२१ मध्ये अमेरिकेतील डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो सुचविला. यात चार ग्रॅम स्निग्धांशामागे प्रथिने व कर्बोदके मिळून एकच ग्रॅम असतात. यकृतात तयार होणारे कीटोन मेंदूचे प्रमुख इंधन बनतात. सुमारे निम्म्या बालकांचे झटके निम्म्याने वा अधिक घटतात.

बंगळुरूची निम्हान्स ही २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली संस्था अपस्मारावर उपचार करते. तथापि, या आहाराची खरी कसोटी घरी लागते. भात, इडली, नाचणी जवळजवळ वर्ज्य होऊन लोणी, खोबरेल तेल, पनीर तोलून द्यावे लागते. मूतखडा, खुंटलेली वाढ हे धोकेही संभवतात. म्हणून वैद्यकीय देखरेखीइतकेच आहारतज्ज्ञाचे साहाय्य आवश्यक ठरते.