बडीचे डोळे

आंधळा मनुष्य रस्त्याच्या कडेला उभा दिसला की कोणी तरी चटकन त्याचा हात धरतो. त्या मदतीत दया असते. परंतु पावलोपावली दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागणे किती दुःसह असते, हे थोड्यांनाच कळते.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या तरुणाला ते पुरेपूर ठाऊक होते. सहाव्या वर्षी एक व सोळाव्या वर्षी दुसरा, असे त्याचे दोन्ही डोळे अपघातांत गेले. १९२७ साली वडिलांनी त्याला एका साप्ताहिकातील लेख वाचून दाखविला. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या जर्मन सैनिकांना शिकविलेले कुत्रे कशी वाट दाखवितात, याचे वर्णन डोरोथी युस्टिस या बाईंनी त्यात केले होते. मॉरिसने त्यांना पत्र लिहिले आणि पुढील वर्षी तो त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला. जाताना त्याला एखाद्या पार्सलासारखे दुसऱ्यांच्या हवाली करण्यात आले होते. परतताना त्याच्या हाती बडी नावाच्या अल्सेशियन कुत्रीच्या साजाची मूठ होती. न्यूयॉर्क बंदरात उतरताच बडीने त्याला भरधाव मोटारींमधून रुंद रस्त्यापलीकडे सुखरूप नेले. मॉरिसने बाईंना एकाच शब्दाची तार केली : ‘यश’.

परंतु रस्ता ओलांडण्यापेक्षा दारे ओलांडणे कठीण होते. आगगाडीत बडीला सामानाच्या डब्यात ठेवावयास सांगत. हॉटेलांत तिला प्रवेश नसे. आपले डोळे सामानाच्या डब्यात ठेवून माणसाने प्रवास कसा करावा? मॉरिस बडीसह गावोगाव हिंडला व लोकांना हेच पटवीत राहिला. १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी असे कुत्रे धन्याजवळ बसू देण्याचे मान्य केले. १९३८ साली बडी मरण पावली. पण तिने उघडलेली दारे पुन्हा मिटली नाहीत.

१९९० साली तेथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार, कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावेत : अपंगत्वामुळे हा कुत्रा आवश्यक आहे काय? त्याला कोणते काम शिकविले आहे? आजाराची चौकशी करता येत नाही, की दाखला मागता येत नाही. मात्र कुत्रा आवरला पाहिजे. तो अनावर झाला व धन्याने त्याला आवरले नाही, तर बाहेर नेण्यास सांगता येते.

विमानाचे नियम वेगळे आहेत. जवळ असण्यानेच मनाला धीर देणारे पाळीव प्राणीही पूर्वी तेथे विमानात नेता येत. पुढे त्या नावाखाली पुष्कळांनी न शिकविलेले प्राणी आणले आणि त्यांच्या उपद्रवाने खऱ्या मदतनीस कुत्र्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. म्हणून जानेवारी २०२१ पासून, अपंगासाठी विशिष्ट काम शिकविलेल्या कुत्र्यांनाच हा हक्क उरला. त्यांच्या शिक्षणाविषयी व आरोग्याविषयी ठरावीक अर्ज विमान कंपनी मागू शकते. कुत्र्याने धन्याच्या पायांशी, वाट न अडविता बसले पाहिजे. मनाला धीर देणाऱ्या प्राण्याची माया खोटी नसते. परंतु मायेला शिक्षणाची जागा घेता येत नाही.

हा हक्क वस्तुतः कुत्र्याचा नाही. स्वतःच्या बळावर हिंडूफिरू इच्छिणाऱ्या माणसाचा आहे. खोटे सांगून तो लाटणारा अशा माणसाचीच वाट अडवितो. साज चढविलेला कुत्रा दिसला, तर त्याला कुरवाळू नये वा खाऊ देऊ नये. त्या क्षणी एका माणसाचे पाऊल त्याच्या डोळ्यांवर विसंबलेले असते.

स्वाध्याय
१. मॉरिसच्या जाण्यात व परतण्यात कोणता फरक होता?
२. ‘दारे ओलांडणे कठीण होते’ म्हणजे काय?
३. खोटे सांगून हक्क मिळविल्याने कोणाचे नुकसान होते? कसे?