तत्त्वज्ञ म्हणजे कोण?

ताईंनो, ‘तत्त्वज्ञ’ म्हटलं की जाड पुस्तकं आणि न समजणारं भाषण आठवतं. पण तत्त्वज्ञाचं मूळ काम साधं आहे. सगळे ‘असंच असतं’ म्हणून सोडून देतात, तिथे थांबून ‘का?’ विचारायचं आणि मिळालेलं उत्तर तपासायचं.

असं काम करणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांना नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापून जाब विचारला. बायको मेली तर पुरुष पुन्हा लग्न करतो, मग बाईलाच बंदी का? जे दोष बायकांचे म्हणता, ते पुरुषांत नाहीत का? त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

त्यांची रीत लक्षात ठेवा. नियम घ्यायचा आणि दोघांनाही लावून बघायचा. एकालाच लागत असेल तर कारण मागायचं. कारण मिळालं नाही, तर ती नुसती पडलेली सवय.

आता आपल्याकडे बघा. दिवाळीनंतर किती जोडपी वीटभट्टीवर जातात! राबतात दोघं, बयाणा घेतो नवरा, हिशोबाच्या वहीत नाव त्याचंच. का? ‘तो घरचा कर्ता.’ बरं, कर्ता म्हणजे कोण? कमावणारा? मग तीही कमावते. घर चालवणारा? तेही तीच करते. मग वहीत तिचं नाव का नाही? २००६ च्या वनहक्क कायद्यात तर वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं लिहिलेलंच आहे. म्हणजे एका कागदावर दोन नावं बसतात.

पण प्रश्न फक्त दुसऱ्याला विचारून भागत नाही. आपल्या गटाचे नियमही तसेच तपासायला हवेत.

पुढच्या बैठकीत बोलूया:
१. तुमच्या घरातल्या कोणत्या कागदावर तुमचं नाव नाही? कारण काय सांगतात?
२. हप्ता थकला तर अध्यक्षांना आणि साध्या सदस्याला एकच नियम लागतो का?
३. ‘असंच असतं’ असं आपण स्वतः मुलीला कधी सांगतो?