नव्या चिपआधी जुनं कपाट

डोंबिवलीत स्वतःचं अक्षरजुळणीचं काम थाटते आहेस, बरं वाटलं. गाळा ठरला, टेबलं आली. आता मॅक नवं घ्यावं की कुणाचं वापरलेलं इंटेलवालं स्वस्तात उचलावं, एवढंच विचारायला नौपाड्यात आत्याकडे आलीस. सांगते, पण शेवटी. आधी हे लोखंडी कपाट बघ. माझी जुनी गिऱ्हाइकं तुझ्याकडे येणार, म्हणजे त्यांच्या मागोमाग हे कपाटही येणार. सीड्या, जुन्या हार्ड डिस्क, डोंगल, स्मरणिकांच्या फायली. नवं मशीन कितीही चपळ असू दे, यातलं काय काय त्यावर उघडेल ते आधी बघायचं.

आपलं गिऱ्हाईक कसलं असतं ते लक्षात घे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. संस्था टिकवून धरणारी ही गावं आहेत. शाळा, पतपेढी, ज्ञातिमंडळ, सोसायटी, प्रत्येकाचा कधी ना कधी महोत्सव असतो आणि प्रत्येक महोत्सवाची स्मरणिका निघते. ‘मागच्या अंकातला संस्थापकांचा लेख जसाच्या तसा घ्या’ असं सांगायला कुणीतरी जिना चढून येतंच. आणि अ‍ॅपलचा हिशेब बघ. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोलाची चिप. १९९४ मध्ये पॉवरपीसी. २००६ मध्ये इंटेल. २०२० मध्ये स्वतःची एम१. दहा वर्षं, बारा वर्षं, चौदा वर्षं. रौप्यमहोत्सवाची फाइल सुवर्णमहोत्सवाला उघडायची वेळ येते तोवर मधे एक-दोन चिपा बदलून गेलेल्या असतात.

चिप बदलली म्हणजे नेमकं काय बिघडतं, ते एकदा समजून घे. प्रोग्राम ज्या चिपसाठी बनवला त्याच चिपला कळतील अशा आज्ञांत तो लिहिलेला असतो. आपल्या आजोबांकडे मोडीतलं खरेदीखत होतं ना, तसं. मजकूर शाबूत, शिक्का शाबूत, पण मोडी वाचणारा नसेल तर तलाठ्यासमोर तो नुसता कागद. अ‍ॅपल दर वेळी असा एक वाचणारा बरोबर देते. इंटेलच्या वेळी दिला त्याचं नाव रोझेटा, आताच्याचं रोझेटा २. जुना प्रोग्राम नव्या चिपला समजेल असा तो करून देतो, आणि आताचा तर इतक्या सफाईनं की मधे कुणी आहे हे कळतही नाही. तिथेच माणूस गाफील राहतो.

कारण तो मुदतीवर ठेवलेला असतो. पहिला रोझेटा जानेवारी २००६ मध्ये आला आणि जुलै २०११ मध्ये लायन आवृत्ती आली तेव्हा गेला. साडेपाच वर्षं. त्या वेळी ज्यांनी ‘चालतंय ना’ म्हणून अपडेट दाबलं, त्यांचे पॉवरपीसीचे प्रोग्राम एका रात्रीत गप्प झाले. दुसऱ्याचीही मुदत कंपनीनं जून २०२५ मध्ये सांगून टाकली आहे: मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण, त्यापुढे काही जुन्या गेमांपुरता. तेव्हा आजच बसून एक काम कर. वापरातल्या प्रत्येक प्रोग्रामवर ‘गेट इन्फो’ उघड. ‘काइंड’समोर ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘अ‍ॅपल सिलिकॉन’ असेल तर निश्चिंत. नुसतं ‘इंटेल’ असेल तर तो प्रोग्राम वहीत लिही, कारण त्याला पर्याय शोधायचाय. ‘युनिव्हर्सल’ प्रोग्रामच्या त्याच खिडकीत ‘ओपन युजिंग रोझेटा’ अशी एक चौकट असते. तुझा एखादा जुना प्लगइन नव्या फोटोशॉपमध्ये दिसत नसला तर त्या चौकटीत टिकमार्क करून बघ, बहुतेक दिसेल. पण ही सोय झाली, इलाज नव्हे.

क्वार्कचं सांगते. आपल्याकडच्या मॅकवाल्यांनी क्वार्क ४ आणि ५ वर वर्षानुवर्षं पानं लावली. हे दोन्ही मॅकओएस ९ च्या काळातले. पॉवरपीसीवर ते ‘क्लासिक’ नावाच्या सोयीत चालायचे. इंटेलच्या मॅकवर क्लासिक दिलंच नाही, आणि रोझेटाही त्यांना हात लावत नव्हता. मग काय, कोपऱ्यातला जुना पॉवरपीसीवाला जी४ झाकून ठेवायचा आणि जुनी फाइल मागितली की वरचं कापड काढायचं. अ‍ॅडोबवाल्यांचंही फार बरं चाललं नव्हतं म्हणा. इंटेलचे मॅक जानेवारी २००६ ला आले, पण इंटेलसाठी बनवलेली सीएस३ यायला २००७ उजाडलं. तोवर नव्या कोऱ्या मशीनवर फोटोशॉप रोझेटातून, म्हणजे रखडत. या खेपेला सुधारणा आहे: एम१ नोव्हेंबर २०२० ला आणि तिच्यासाठीचं फोटोशॉप मार्च २०२१ ला. तरी माझा नियम तोच. चिप बदलल्याच्या पहिल्या वर्षी दुसऱ्यांना घेऊ द्यावं. २००६ ला घाईनं कोअर ड्युओ घेणाऱ्यांची चिप ३२ बिटांची निघाली आणि लायनला ६४ बिटांची लागत होती. पहिल्या रांगेत बसलेले पाच वर्षांत बाहेर.

आता डोंगल. ही छोटी काळी कांडी सांभाळ, पण हिच्यावर विसंबू नकोस. मराठी अक्षरजुळणीची जुनी सॉफ्टवेअरं अशा कांडीशिवाय उघडायची नाहीत, आणि कांडीला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. रोझेटा प्रोग्राम समजावून देतो, सिस्टिमच्या पोटात बसणारे ड्रायव्हर नाही. म्हणून चिप बदलते तेव्हा आधी असल्या बारक्या गोष्टी मरतात: डोंगल, जुना स्कॅनर, प्लेटच्या जुन्या मशीनची कार्डं. स्कॅनरला एक वाट आहे, व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्राम पुष्कळ जुन्या स्कॅनरांना जिवंत ठेवतो. आणि त्या दोन हार्ड डिस्क फायरवायरच्या आहेत. मॅकओएसच्या २०२५ च्या टाहो आवृत्तीनं फायरवायरचा आधारच काढून टाकला, तेव्हा त्यांतलं सगळं माझ्या मशीनवरून या आठवड्यात उतरवून ने.

आपल्या लोकांवर मात्र यापेक्षा मोठं ओझं आहे ते फॉन्टचं. इंग्रजीतला मजकूर क्वार्कमधून काढून कुठेही टाकला तरी वाचता येतो. आपला नाही. सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. पडद्यावर ‘क’ दिसतो, आत भलतंच इंग्रजी अक्षर. फॉन्ट गेला की लेखाची जागा चिन्हांची रांगोळी घेते. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी धड जुळायला लागलं तेच २०१२ च्या सीएस६ पासून. त्याआधीचा सगळा मजकूर या जुन्या फॉन्टांत अडकलाय. त्यात जे फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ चे होते, त्यांचा आधार अ‍ॅडोबनं २०२३ च्या जानेवारीत काढला. म्हणजे चिप न बदलताही ते गेले.

त्यामुळे सोडवून घ्यायचं ते आधी मजकुराला. जुनं मशीन चालू आहे तोवर फाइल उघड, मजकूर बाहेर काढ, कन्व्हर्टरमधून युनिकोड कर. आणि हे आंधळेपणानं करू नकोस. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला त्या उचलून योग्य जागी ठेवाव्या लागतात आणि तिथे तो चुकतो. सगळ्यात दगा देतो तो ‘र’. ‘आचार्यांचे आभार’ रूपांतरात ‘आचाऱ्यांचे आभार’ होऊ शकतात, आणि स्पेलचेकर काही बोलणार नाही कारण दोन्ही शब्द बरोबर. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र फरक कळतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ तसंच. म्हणून रूपांतरानंतर छापील जुन्या अंकाशी ताडून एक मुद्रितशोधन हवंच, आणि त्याचे पैसे वेगळे लाव. नवीन मजकूर इनडिझाइनमध्ये ओतताना परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावलाय ना बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतील आणि तू फॉन्टला दोष देत बसशील.

यापुढे तुझ्या प्रत्येक कामाच्या चार गोष्टी ठेव: फॉन्ट आत बसवलेली छपाईची पीडीएफ, इनडिझाइनची आयडीएमएल, चित्रं, आणि नुसता मजकूर युनिकोडमध्ये साध्या टेक्स्ट फाइलीत. या शेवटच्या फाइलीला हल्लीची मुलं हसतात. कुठल्याही चिपवर, कुठल्याही सिस्टिमवर ती उघडते, फोनवरसुद्धा. मुखपृष्ठावरच्या सुलेखनाचं आउटलाइन करून ठेव, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच उरत नाही.

वेळेचं एक सांगते, हे कुठल्या दुकानदारानं सांगितलेलं नाही. मॅकची नवी आवृत्ती येते ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे तेव्हा काय चालू असतं? दिवाळी अंक. जाहिराती शेवटच्या दिवशी येतात, संपादक रात्री अकराला फोन करतात, प्रेसवाला प्लेटसाठी पीडीएफची वाट बघत बसलेला असतो. तेव्हा श्रावण लागला की आपोआप अपडेट बंद कर, ते भाऊबीज उलटली की उघड. मशीन बदलायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जुनं-नवं दोन्ही शेजारी ठेवून महिनाभर काम कर. लग्नपत्रिकांचा हंगाम असतो तो, पण पत्रिकेचं एक पान असतं, अंकाची दोनशे.

विंडोज घेतलं की या कटकटीतून सुटलीस, असं तुझ्या बाबांनी सांगितलं असेल. सुटलीस नाहीस. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप जोरात विकायला आलेत. ती चिपही इंटेलच्या घराण्यातली नाही. बॅटरी छान चालते, जुने प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा दुभाषी चालवून घेतो. पण ड्रायव्हरचं रडगाणं तेच: त्या चिपसाठी खास बनवलेलाच लागतो. तुझ्या बाबांच्या ऑफिसात डिजिटल सहीचा तो यूएसबी टोकन आहे ना, जीएसटी आणि कंपनीच्या कागदांसाठी? त्याच्या ड्रायव्हरची चौकशी केल्याशिवाय त्यांनी असा लॅपटॉप घेऊ नये. दुकानात सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून ‘सिस्टिम टाइप’ वाच. ‘एआरएम’ लिहिलं असेल तर टोकन, प्रिंटर आणि टॅलीचं आधी विचार, पैसे मग. मॅकवर बूट कॅम्पनं विंडोज टाकून टॅली चालवायची जुनी युक्तीही एम१ पासून बंद आहे. आता पॅरलल्ससारखा प्रोग्राम घालून त्यात एआरएमचं विंडोज चालवावं लागतं. टोकनचा प्रश्न तिथेही तोच.

एवढं बोलले म्हणून बदल वाईट असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅपलनं चिपा हौसेनं बदलल्या नव्हत्या. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं वर्षभरात तीन गिगाहर्ट्‌झचा पॉवरपीसी जी५ देतो म्हणून जाहीर केलं होतं. तो आला नाही, आणि जी५ लॅपटॉपमध्ये मावेल इतका थंडही कधी झाला नाही. ६ जून २००५ ला इंटेलची घोषणा झाली ती त्यापायी. पंधरा वर्षांनी इंटेलशीही उष्णतेचंच भांडण. एम१ च्या एअरला पंखाच नाही, आणि मे महिन्यात वीज गेलेल्या डोंबिवलीत चार्जर न लावता दिवसभर पानं लावता येणं ही काय चीज आहे ते इन्व्हर्टरची टूंटूं ऐकत काम केलेल्यांना विचार.

तर तुझं मशीन. इंटेलवालं घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळालं तरी. मार्च २०२० चा इंटेल एअर आणि नोव्हेंबर २०२० चा एम१ एअर बाहेरून सारखेच दिसतात, दोघांच्या बिलावर वर्षही २०२० च, आणि वापरलेल्या मशीनच्या दुकानात नेमका याचाच फायदा घेतात. टाहो त्या इंटेल एअरवर चढतच नाही. काही मोठ्या इंटेल मशीनवर चढते, पण इंटेलसाठी ती शेवटची. ‘अबाउट धिस मॅक’ उघडायला लाव: ‘चिप’ असा शब्द आणि पुढे अ‍ॅपलचं नाव दिसलं तर एम मालिका, ‘प्रोसेसर’ आणि इंटेल दिसलं तर नमस्कार करून जिना उतर. आणि मेमरी घेतानाच सोळा जीबी घे. आमच्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून रॅमची पट्टी आणून स्क्रू फिरवून घालायचो. आता ती चिपच्या जोडीनंच पक्की बसवलेली असते, नंतर कुणी वाढवून देत नाही. साठवण बोर्डावर असल्यामुळे बोर्ड गेला की फायलीही गेल्या. बाहेरच्या डिस्कवर रोज बॅकअप, आणि ती डिस्क गाळ्यात न ठेवता घरी.

माझं जुनं इंटेल मशीन विकू नकोस. चार-सहा हजार येतील, त्यात तुझं काही व्हायचं नाही. डोंगलसकट, फॉन्टांसकट, कन्व्हर्टरसकट तसंच घेऊन जा, वाय-फाय बंद कर आणि कधीही अपडेट करू नकोस. फायली पेन ड्राइव्हनं न्यायच्या-आणायच्या. महिन्यातून एकदा चालू करून बॅटरी फुगली नाही ना ते तपास, आणि चार्जरवर मशीनचं नाव लिहून चिकटव, कारण ते टोक आता बाजारात सहज मिळत नाही.